घराच्या कागदांवरचा शिक्का

शेवटी आम्ही घर घेतोय. (हुश्श!) कॅलिफोर्नियात, ईस्ट बेमध्ये, एका छोट्याशा टाउनहोम कम्युनिटीत. एकूण ४२ घरं, सगळी भिंतीला भिंत लावून. पुण्यात याला आपण सरळ रो-हाउस म्हणतो. मध्ये हिरवळीचा एक तुकडा, चार रेडवुड, मुलांसाठी एक झोपाळा, आणि या सगळ्याची निगा राखायला दरमहा एचओएची, म्हणजे होमओनर्स असोसिएशनची वर्गणी.

बाबांना फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "कन्व्हेयन्स झालंय का?" आमच्या पुण्याच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद अकरा वर्षं सांभाळलेला माणूस, दुसरं काय विचारणार!

"अहो बाबा, इथे घराखालची जमीन आपल्याच नावावर होते. मधली हिरवळ आणि आतला रस्ता तेवढा असोसिएशनचा."

"मग बरंय. पण नियम वाच सगळे. आधी वाचन, मग सही."

बाबांचं ऐकलं आणि शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर वाचायला बसलो. या नियमांच्या बाडाला इथे सीसी अँड आर म्हणतात. आमचं बाड ९६ पानांचं. गॅरेजच्या दाराचा रंग कोणता, बाल्कनीत कपडे वाळत घालायचे की नाही (नाही!), कुत्रे किती, पाहुण्यांच्या गाड्या कुठे, वगैरे वगैरे. डुलकी लागायची वेळ आली होती. तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, तू पहिलं पान वाचलंस का?"

पहिल्या पानावर ठळक अक्षरात एक शिक्का होता. मतितार्थ असा: या दस्तऐवजात वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश, पूर्वज वगैरेंच्या आधारावर कोणतंही बंधन असेल तर ते कायद्याविरुद्ध आहे आणि रद्द समजावं.

"असेल तर म्हणजे काय? आहे की नाही?" तिचा प्रश्न रास्त होता. कम्युनिटी १९७६ ची. तोवर असलं काही लिहायला कायद्याने केव्हाच बंदी आली होती. मग टायटल कंपनीचा रिपोर्ट काढला. त्यात जमिनीवर कोणकोणते जुने बोजे आहेत त्याची यादी असते. सातव्या क्रमांकावर १९४१ चा एक दस्त होता. आमची टाउनहोम्स उभी राहण्याआधी त्या जमिनीचे प्लॉट पाडले होते, तेव्हाचा. त्याची प्रत मागवली. सोमवारी ईमेलने आली. टाइपरायटरची अक्षरं, स्कॅन तिरका. पान तीन, कलम 'एफ': गोऱ्या वंशाच्या व्यक्तींखेरीज कोणीही या जागेत राहू नये, अपवाद फक्त मालकाकडे कामाला असलेल्या घरगड्यांचा.

बायकोने ते दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे राहू शकलो असतो की आपण. भांडी घासायला."

त्यानंतरचे दोन वीकएंड मी याच विषयाच्या मागे लागलो. कागद कसा काम करतो हे कळल्याशिवाय त्यावर सही करवेना. जे हाती लागलं ते मांडतोय. जरा लांबण आहे, पण चहा घेऊन बसा.

वचन माणसाचं की जमिनीचं?

साधा प्रश्न. मी तुम्हाला जमीन विकली आणि तुमच्याकडून वचन घेतलं की इथे बाग ठेवीन, बांधकाम करणार नाही. उद्या तुम्ही ती तिसऱ्याला विकलीत. तो म्हणेल, "वचन त्याने दिलं, मी कुठे दिलंय?" मग?

लंडनमध्ये हेच झालं. टल्क नावाच्या गृहस्थाने १८०८ मध्ये लेस्टर स्क्वेअरच्या मधली बाग विकली. अट अशी की ती बागच राहील. पुढे हात बदलत बदलत ती मॉक्सहे नावाच्या माणसाकडे आली. त्याला अट माहीत होती, पण त्याला तिथे बांधायचं होतं. १८४८ मध्ये कोर्टाने त्याला अडवलं: अट माहीत असताना जमीन घेतलीस ना, मग ती तुलाही लागू. वचन माणसाकडून सुटलं आणि जमिनीला चिकटलं ते इथे.

ही युक्ती वाईट नव्हती, उलट फार कामाची होती. अमेरिकेत याच सुमारास तसलेच प्रयोग चालले होते. न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल रगल्सने १८३१ मध्ये ग्रॅमर्सी पार्क आखलं. भोवतालच्या प्लॉटधारकांच्या मालकीची बाग, तिला कुलूप, किल्ल्या फक्त त्यांच्याकडे. (ती आजही तशीच कुलूपबंद आहे.) बॉस्टनच्या लुईसबर्ग स्क्वेअरमधल्या घरमालकांनी १८४४ मध्ये मधल्या बागेच्या देखभालीसाठी आपसात करार केला. अमेरिकेतली पहिली एचओए म्हणून बरेच जण त्याच्याकडे बोट दाखवतात.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं सनीसाइड गार्डन्स. क्लॅरन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोघांनी १९२४ पासून ते बांधायला घेतलं. मध्यमवर्गाला परवडतील अशी छोटी, जोडून बांधलेली विटांची घरं, प्रत्येकाच्या मागे जरासं परसू, आणि सगळ्यांची परसं एकत्र येऊन मधोमध एक मोठी बाग. नगररचनेवर लिहिणारा लुईस मम्फर्ड स्वतः तिथे राहिला. ही बाग सामाईक ठेवायची अट करारात ४० वर्षांसाठी होती. साठच्या दशकात मुदत संपली आणि काय झालं असेल? बरोब्बर. बऱ्याच जणांनी आपापल्या तुकड्याला कुंपणं घातली.

आमच्या चार रेडवुडचं रक्षणही असलाच कागद करतो. उद्या कोणालाही तिथे आपली पार्किंगची जागा वाढवता येणार नाही. तेव्हा कागद मुळात वाईट, असं म्हणून मला सुटका करून घेता येत नव्हती.

त्याच कागदाचा दुसरा उपयोग

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही शहरांनी गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती वेगळी ठेवणारे कायदे केले. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने लुईव्हिल शहराचा असा कायदा रद्द केला. सरकारला हे करता येणार नाही, असं ठरलं. मग लोकांनी खाजगी वाट शोधली. वचन जमिनीला चिकटवता येतंच, मग 'बाग ठेवीन' सारखंच 'अमक्याला विकणार नाही' हे वचन का नको? १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा खाजगी करारांना हात लावायला नकार दिला आणि रान मोकळं झालं.

कॅन्सस सिटीमधला बिल्डर जे. सी. निकल्स यात वाकबगार. झाडं, कारंजी, वळणदार रस्ते, सगळं देखणं. सोबत वंशाची अटही. शिवाय त्याने एक चलाखी केली होती. अट ठरावीक वर्षांनी संपत नसे. मालकांनी वेळेत एकत्र येऊन बदलली नाही, तर ती आपोआप पुढे चालू राही. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर डीफॉल्ट व्हॅल्यूच तशी ठेवली होती. डीफॉल्ट कोण बदलतं, ते आपल्याला ठाऊक आहेच. (त्याच्या नावाच्या कारंज्याचं आणि रस्त्याचं नाव शहराने २०२० मध्ये काढून टाकलं.)

१९३४ मध्ये गृहकर्जांना सरकारी हमी देणारी एफएचए ही संस्था निघाली. तिच्या मार्गदर्शक पुस्तिकेत अशा अटींची चक्क शिफारस होती. म्हणजे बिल्डरला स्वस्त कर्ज हवं असेल तर कलम 'एफ' टाकणं सोयीचं. आमच्या १९४१ च्या दस्तात ते कुठून आलं, ते मला इथे उमगलं. ते लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित फारसा द्वेष नसेलही. नेहमीच्या मसुद्यात होतं, टाइपिस्टने टाइप केलं. मला हेच जास्त अस्वस्थ करून गेलं.

आपल्या माणसांची गोष्ट

हे सगळं मुख्यतः काळ्या लोकांना बाहेर ठेवायला होतं. पण 'गोऱ्यांखेरीज कोणी नाही' म्हटल्यावर आपणही आलोच.

१९१५ मध्ये वैष्णो दास बगाई पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले. पैसे होते, दुकान होतं, इंग्रजी होतं. बर्कलीत त्यांनी घर घेतलं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घरालाच कुलपं घातलेली. ते तिथे राहिलेच नाहीत, परत फिरले. १९२१ मध्ये त्यांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं. मग १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्याचा निकाल लागला: भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व आधीच मिळालं होतं त्यांचंही सरकार काढून घेऊ लागलं. नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसावर कॅलिफोर्नियात जमिनीच्या मालकीची बंधनं होती. बगाईंचं सगळंच गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

थिंडच्या बाजूच्या वकिलांमध्ये एक नाव वाचून मी चमकलो: सखाराम गणेश पंडित. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत. १९१४ मध्ये नागरिक झालेले. निकालानंतर सरकार त्यांच्याही मागे लागलं. पंडितांनी थिंडचा मुद्दा पुन्हा उगाळलाच नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं: कोर्टाने मला नागरिकत्व दिलं तेव्हा सरकारने अपील केलं नाही. त्या निकालाच्या भरवशावर मी वकिली केली, घर केलं, संसार केला. आता वर्षांनंतर तो भरवसा काढून घेता येणार नाही. १९२६ मध्ये वरच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला, आणि सरकारने बाकीच्या भारतीयांवरचे असे खटले सोडून दिले. बगाईंना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता खुला झाला तो १९४६ मध्ये, आणि नव्याने स्थलांतर करून येणाऱ्यांसाठी कोटा होता वर्षाला जेमतेम १०० जणांचा.

लेबाडी अव्हेन्यूवरचं घर

१९४५ मध्ये सेंट लुईसमध्ये जे. डी. आणि एथेल शेली या काळ्या जोडप्याने आपल्या सहा मुलांसाठी ४६००, लेबाडी अव्हेन्यू हे घर घेतलं. त्या रस्त्यावरच्या मालकांनी १९११ मध्ये ५० वर्षांसाठी केलेला करार आडवा आला. काळे आणि 'मंगोलियन' वंशाचे लोक नकोत, असा. क्रेमर कुटुंबाने खटला भरला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

३ मे १९४८. निकाल ६ विरुद्ध ०. (नऊपैकी तीन न्यायाधीश या खटल्यातून बाजूला झाले होते.) निकालातली मेख बघण्यासारखी आहे. कोर्टाने असा करार करणं बेकायदा ठरवलं नाही. करार करा, आपखुशीने पाळा; पण तो पाळायला लावण्यासाठी कोर्टाकडे येऊ नका. कोर्ट म्हणजे सरकार, आणि सरकारला हे करता येत नाही.

कागद उरला, त्याचे दात गेले. पण दात गेलेला कागदही बरीच वर्षं लोकांना घाबरवत राहिला. एफएचएने १९५० च्या फेब्रुवारीत नव्या करारांपासून हात झटकले. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी घातली, तर १९६४ मध्ये याच कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी ती सार्वमताने, जवळजवळ दोनतृतीयांश मतांनी उडवली. ते सार्वमत १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ ला, देशभरासाठी फेअर हाउसिंग कायदा आला.

मग आमची टाउनहोम्स

जमिनीचे भाव वाढत होते, तेव्हा बिल्डरांनी सनीसाइडची कल्पना पुन्हा झटकून काढली: घरं जोडून बांधा, वाचलेली जागा सामाईक मोकळी ठेवा. रॉबर्ट सायमनने १९६१ मध्ये व्हर्जिनियात पावणेसात हजार एकरांच्या आसपास जमीन घेऊन रेस्टन वसवायला घेतलं. तिथल्या लेक अ‍ॅन तळ्याकाठची टाउनहाउसेस प्रसिद्ध आहेत. व्हर्जिनियासारख्या राज्यात, फेअर हाउसिंग कायद्याच्या आधी, त्याने गाव सर्व वंशांना खुलं ठेवलं. म्हणजे कागद तोच, तळं आणि पायवाटा सामाईक ठेवणारा. फक्त एक कलम नाही. ते गाळल्याने तळं काही आटलं नाही!

१९६३-६४ च्या सुमारास एफएचए आणि अर्बन लँड इन्स्टिट्यूट यांनी अशा वसाहतींसाठी, असोसिएशन कशी असावी याच्या सविस्तर पुस्तिका काढल्या: सभासदत्व सक्तीचं, वर्गणी सक्तीची, नियम जमिनीला चिकटलेले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मालमत्ता करावर मर्यादा आली. मग शहरांनाही नव्या वसाहतींनी आपले रस्ते, दिवे आपणच सांभाळावेत असं वाटू लागलं. १९७० मध्ये देशात अशा सुमारे १०,००० असोसिएशन्स होत्या. आता त्या साडेतीन लाखांच्या वर आहेत. आमची ४२ घरं त्यातलीच एक.

आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्यासारख्यांना दार उघडलं. तो कायदा आणि १९६८ चा कायदा, दोन्हींमागे काळ्या लोकांची चळवळ होती. आपण एच-वन, ग्रीन कार्ड, घर अशा क्रमाने 'मेहनतीने' इथवर आलो असं सांगतो तेव्हा हे दोन आकडे गाळतो.

शेवटी व्हॉट्सअ‍ॅप

इथे लेख संपवून मस्तपैकी अमेरिकेला नावं ठेवता आली असती. पण मागच्या रविवारी एक गोष्ट घडली.

आमच्यापासून दोन घरं सोडून आणखी एक घर विक्रीला येतंय असं कळलं. विकणाऱ्या बाई भल्या आहेत. म्हणाल्या, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर कळवा. मी लगेच फोन उचलून आमच्या मित्रांच्या ग्रुपवर टाइप केलं: "आमच्या इथे घर निघतंय. शेजारी मराठी फॅमिली आली तर मजा येईल. शक्यतो आपल्यातलंच कोणी बघा." बायकोला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "कलम एफ."

"अगं, काहीतरीच काय! गणपतीला सोबत, मुलांना मराठी कानावर पडेल, एवढंच."

एवढंच खरं. पण इतिहास चाळून बसलो होतो ना, त्यामुळे गप्प बसलो. मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून जिचं नाव घेतात, ती गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची. तल्मकींनी ती उभी केली ती शहरात आलेल्या आपल्या समाजातल्या कुटुंबांना परवडणारा निवारा मिळावा म्हणून. हेतू सोन्यासारखा. आणि २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने सभासद आपल्याच समाजातले घेण्याचा नियम वैध ठरवला. त्यातही एक छोटा समाज टिकवायची धडपड होतीच. पण पुण्यात भाड्याने घर शोधताना माझ्या मुसलमान रूममेटला किती ठिकाणी "नुकतंच गेलं हो" ऐकावं लागलं, तेही मी पाहिलंय. तिथे कोणाच्याच कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. 'आपल्यातलंच' हा शब्द आतून किती उबदार वाटतो! बाहेर उभ्या असलेल्याला तो कसा ऐकू येतो, ते मला १९४१ च्या एका तिरक्या स्कॅनने सांगितलं.

(आणि कायद्याचं म्हणाल तर १९६८ च्या कायद्यात घर नाकारण्याइतकीच, विक्रीच्या जाहिरातीत 'अमकेच हवेत' असं सुचवण्यालाही मनाई आहे.)

मी शेवटची दोन वाक्यं पुसली. घराचा पत्ता, बेडरूम किती, वर्गणी किती, एवढं ठेवलं. तोच मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर आणि मुलीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही टाकला. ज्याला यायचं तो येईल.

राहिलं ते कलम एफ. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये झालेल्या एका कायद्यानुसार काउंटी रेकॉर्डर आता जुन्या दस्तांतली अशी कलमं शोधून काळी करतायत. मालकालाही तसा अर्ज करता येतो. बायकोचं म्हणणं, चावी मिळाली की पहिला अर्ज हाच. माझ्या मुलीच्या घराच्या कागदात ते नको, मलाही पटतं. अर्ज करणार आहोत. पण त्याआधी त्या पानाचा एक प्रिंट काढून मी फाइलमध्ये ठेवलाय, ९६ पानांच्या मागे. मुलगी मोठी झाली की दाखवीन.

क्लोजिंग येत्या शुक्रवारी आहे. बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्या सोसायटीचे बाय-लॉज एकदा काढून बघतो मी."

असो. पेढे पोस्टाने पाठवता येत नाहीत, त्यामुळे या बाजूला आलात तर घरी या. गाडी मात्र पाहुण्यांच्या पार्किंगमध्येच लावा, पान ४१ :)